विचारायला जाताना कागद कोरा असावा

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. तिचा पहिला अर्धा भाग आपण लोकलाजेने पाळतो आणि दुसरा अर्धा हट्टाने. या म्हणीत दोघेच आहेत, जन आणि मन. जन म्हणजे चार लोक. ते बोलतात आणि आपापल्या घरी जातात. मन म्हणजे आपण स्वतः. पण या दोघांखेरीज तिसरा एक असतो, तो जाणता. त्याचे नाव म्हणीत नाही. वारकरी संप्रदायाचा सारा भर मात्र त्या तिसऱ्यावर आहे. संतसंगाचे महत्त्व आपण कीर्तनात रोज ऐकतो. जाणत्याच्या पाया पडायला आपण चुकत नाही. पण पाया पडून उठल्यावर आपण त्याला काही विचारतो का?

हा प्रश्न मला वयाच्या पन्नाशीनंतर पडला, आणि तोही एक चूक हातून झाल्यावर. ती चूक आधी सांगतो. वाचक माउलींनी ती आपल्या घरातलीच एखादी समजून ऐकावी.

मी शाळामास्तर. गणित माझा विषय. वडील गेले तेव्हा आम्हा दोघा भावांत सहा एकर जमीन आणि एक विहीर होती. धाकटा शेती बघायचा, मी नोकरीमुळे तालुक्याला राहायचो. वाटणी करून घ्यावी असे दोन्ही घरांचे मत होते आणि कोणाचे भांडण नव्हते. मी थोरला, त्यात शिकलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आले. चार संध्याकाळ बसून मी नकाशा काढला. गुंठ्याला गुंठा जुळवला. वरचे तीन एकर धाकट्याला, खालचे तीन मला. विहीर खालच्या तुकड्यात येत होती, म्हणून पाण्याची पाळी आठ-आठ दिवसांची लिहिली. वरची जमीन मुरमाड आणि खालची काळी, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण वरच्या अंगाला रस्ता लागतो, त्याचा गोठा तिकडेच आहे, त्याला ते सोयीचे पडेल, असे मी मनाला समजावले. मनही लगेच समजले. आपल्या फायद्याची गोष्ट समजायला मनाला वेळ लागत नाही.

सगळे स्टॅम्प पेपरवर लिहून झाल्यावर वाटले, एखाद्या मोठ्या माणसाला दाखवावे. आमच्या दिंडीचे विणेकरी बाबा होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण गावातली कितीतरी भांडणे त्यांच्या ओट्यावर मिटलेली. मी त्यांच्याकडे गेलो. पाया पडलो, चहा झाला. मग वाटणीपत्र पुढे केले आणि म्हणालो, “बाबा, जरा नजर टाका. तुमचा सल्ला घ्यावा म्हटलं.”

बाबांनी ओळीखाली बोट धरून सगळा कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले, “गुरुजी, कागद तर भरलाय. माझा सल्ला लिहायला जागा कुठं ठेवलीय?”

मी हसण्यावारी नेले. ते हसले नाहीत. “साक्षीदार म्हणून सही पाहिजे असंल तर करतो. सल्ला पाहिजे असंल तर कोरा कागद घेऊन या.”

मला राग आला. साक्षीदार काय, दुसरा मिळाला. धाकट्याने एक शब्द न बोलता सही केली आणि त्याचे गप्प राहणे मी त्याचे समाधान समजलो. पुढची सात वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. आषाढीच्या वारीला तो दुसऱ्या दिंडीतून चालू लागला. वाट तीच, माउली तीच, पण मला टाळून.

त्या सात वर्षांत बाबांचे वाक्य मला पुष्कळदा आठवले. आठवले की मी स्वतःशी वाद घालायचो. हिशेब तर बरोबर होता. गुंठ्याला गुंठा होता. मग चुकले कुठे? आणि गंमत अशी की हा प्रश्नही मी माझ्याच मनाला विचारत होतो. ज्या मनाने वाटणी केली, तेच मन निवाडा करायला बसले होते. एकाच माणसाने वकील व्हायचे आणि न्यायाधीशही व्हायचे, तर निकाल कोणत्या बाजूने लागणार?

नामदेवरायांची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. मुक्ताईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे कशाचे? काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग मुक्ताईंच्या सांगण्यावरून काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे शांत बसले. नामदेवांना अपमान वाटला. काकांनी सांगितले, हे मडके कच्चे.

कीर्तनात या प्रसंगावर आपण हसतो आणि पुढे जातो. पण थोडे थांबून पाहावे. नामदेव कोण होते? ज्यांच्या हातून देव जेवला, असे आपण म्हणतो ते. देवाशी रोज बोलणारे. त्यांच्या भक्तीत खोट नव्हती. तरीही एक गोष्ट त्यांना स्वतःला दिसत नव्हती, आणि ती दाखवायला एक कुंभार लागला. मडक्याला स्वतःचा आवाज आतून कळत नाही. बाहेरून कोणी थापटावे लागते. यात मडक्याचा कमीपणा नाही, ती मडक्याची जात आहे.

या कथेचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. नामदेव रुसून पंढरीला आले आणि त्यांनी देवाकडे गाऱ्हाणे केले. देवाच्या मनात असते तर तिथल्या तिथे त्यांना सारे सांगता आले असते. देवाने तसे केले नाही. देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. साक्षात पांडुरंग म्हणतो की माझ्याशी बोलतोस ते ठीक आहे, पण आता जा आणि एका माणसाला विचार. औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी नामदेवांना एवढेच सांगितले की जिथे पिंडी नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पुढचे आपल्याला माहीत आहे. परंपरा असेही सांगते की हेच विसोबा एके काळी आळंदीच्या भावंडांना छळणारे होते. म्हणजे जो स्वतः चुकला, ज्याला चूक कळली आणि जो वळला, त्याच्याकडे देवाने आपला लाडका भक्त पाठवला. वाट चुकलेल्या माणसाला वाट चुकलेली जागा नेमकी ठाऊक असते.

मग प्रश्न येतो की विचारायला जायचे कसे. इथे मला चांगदेव आठवतात. चौदाशे वर्षांचे योगी, अशी त्यांची कथा. ज्ञानोबांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतले आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर समोरचा ज्ञानाने थोर. तीर्थरूप लिहावे, तर पोर वयाने कितीतरी लहान. शेवटी त्यांनी कोरा कागद पाठवला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, अशा अर्थाचे मुक्ताई बोलल्या, आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानोबांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले. तीच चांगदेव पासष्टी.

आपण नेहमी मुक्ताईंच्या बाजूने चांगदेवांना हसतो. मीही हसत होतो. पण बाबांनी माझा भरलेला कागद परत केल्यापासून मला चांगदेवांचा हेवा वाटू लागला. अहंकारापायी का होईना, त्यांनी कोरा कागद पाठवला, आणि कागद कोरा होता म्हणून त्यावर ज्ञानोबांना लिहिता आले. आपण जे पत्र घेऊन जातो त्यात मायन्यापासून सहीपर्यंत सगळे लिहिलेले असते. मुलीचे स्थळ ठरवून झाल्यावर आपण मामांना विचारतो. कर्जाच्या कागदावर अंगठा दिल्यावर सोसायटीतल्या जुन्या माणसाला विचारतो. बोअरची गाडी वावरात येऊन उभी राहिल्यावर शेजाऱ्याला विचारतो. याला आपण सल्ला म्हणतो. खरे तर आपल्याला मान हलवून हवी असते. आणि उद्या बिघडले तर ‘सगळ्यांना विचारूनच केले होते’ असे म्हणण्याची सोय हवी असते.

कागद कोरा नेला म्हणजेही सगळे झाले, असे नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात धृतराष्ट्राला एका रात्री झोप येत नाही. तो विदुराला बोलावतो आणि विचारतो. विदुर रात्रभर सांगतो. नीतीचे एवढे सांगणे क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. शेवटी धृतराष्ट्र कबूल करतो की तू म्हणतोस ते खरे आहे, मलाही ते पटते, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी पुन्हा फिरते. ऐकण्यात, समजण्यात आणि पटण्यात तो कुठेच कमी पडला नाही. कमी पडला तो सकाळी. सल्ला रात्री ऐकायचा असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाळायचा असतो. मधल्या वेळेत आपले ममत्व जागे होते. विचारूनही न वागणारा माणूस न विचारणाऱ्यापेक्षा अधिक दोषी ठरतो, कारण त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही.

इथे एखादा अभ्यासू वारकरी मला अडवील. तो म्हणेल, तुकोबांनी तर खऱ्याखोट्याला आपल्या मनालाच साक्षी ठेवले आणि लोकांच्या मताची पर्वा केली नाही. मग मनावर इतका अविश्वास का? आक्षेप रास्त आहे. पण तुकोबांनी जे बाजूला सारले ते बहुमत होते, संतांचे मत नव्हे. चार लोक काय म्हणतात याने ते डगमगले नाहीत. मात्र आधीच्या संतांची वचने त्यांनी पाठ केली, त्यांच्या बोलण्यावर आपले जगणे घासून पाहिले, आणि मग ज्या मनाला साक्षी ठेवले ते असे घासलेले मन होते. आपण तुकोबांचा निर्धार उसना घेतो आणि घासणे सोडून देतो. मन साक्षीला बोलवावे, पण आधी त्याने संतांच्या दारात उमेदवारी केलेली असावी.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. विचारा विचारा म्हणता, पण सल्ला देणारे बाबा-महाराज गल्लोगल्ली बसले आहेत आणि लोक लुटले जातात, त्याचे काय? हाही आक्षेप खरा आहे. म्हणून कोणाला विचारावे याच्या काही खुणा मनाशी ठेवाव्यात. ज्याचा आपल्या निर्णयात फायदा आहे त्याला विचारू नये. जो त्या वाटेने स्वतः गेला आहे त्याला विचारावे. जो आपल्याला नकोसे वाटेल तेही सांगेल आणि सांगून झाल्यावर आपल्याला टाकून देणार नाही, तो खरा. आणि जो म्हणतो की तू विचारच करू नकोस, मी सांगतो तेवढे कर, त्याच्या ओट्यावरून मुकाट्याने उठून यावे.

कारण खुद्द भगवंतानेही असे म्हटलेले नाही. अर्जुन पहिल्या अध्यायात आपल्याच बुद्धीने बोलतो, आणि बोलणे इतके बिनतोड वाटते की धनुष्य खाली ठेवणेच धर्म आहे असे त्याला वाटते. दुसऱ्या अध्यायात तो मान्य करतो की माझे मला कळत नाही, मी शिष्य आहे, सांग. तिथून पुढे उपदेश सुरू होतो. अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर देव काय म्हणतो? हे सगळे तुला सांगितले, आता याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. सल्ला घेणे म्हणजे आपली बुद्धी गहाण टाकणे नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? निर्णय शेवटी अर्जुनाचाच होता. फक्त तो एकट्याचा राहिला नव्हता.

जाणता माणूस वयाने मोठाच असतो असेही नाही. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबा ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेरून समजूत घालणारी मुक्ताई सगळ्या भावंडांत धाकटी होती. तिचे ते ताटीचे अभंग आपण आजही म्हणतो. म्हणताना हे लक्षात ठेवावे की आत बसलेल्याने धाकट्या बहिणीचे ऐकले आणि ताटी उघडली. ज्ञानियांच्या राजाला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या घरातली मुले, सुना, धाकटे भाऊ काही सांगू पाहतात, तेव्हा आपली ताटी किती घट्ट असते!

वारीच्या वाटेवर तर आपल्या पूर्वजांनी विचारण्याची आणि ऐकण्याची रीतच घालून दिली आहे. हैबतबाबांनी १८३२च्या सुमारास माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. त्या सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. पालखी मध्ये, भोवती दिंड्या, टाळमृदंगाचा गजर. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती आपले टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा विचार होतो, हरवले-सापडले सांगितले जाते, आणि मग आरती होते. मी ही रीत लहानपणापासून पाहत होतो. एका वर्षी धाकटा मला पलीकडच्या दिंडीत उभा दिसला. टाळ थांबले आणि सगळीकडे शांत झाले. तेव्हा वाटले, याचे टाळ सात वर्षे वाजत आहेत आणि आपण तिकडे गेलोच नाही. त्याच्या गप्प सहीलाच आपण शांतता समजलो.

त्याच्या आधीचा उन्हाळा फार कडक गेला होता. विहिरीने तळ गाठला होता. माझ्या पाळीत विहीर उपसली जायची आणि त्याची पाळी येईपर्यंत झरे भरायचे नाहीत. वरच्या तुकड्यातली त्याची लिंबाची बाग मी बांधावरून वाळताना पाहिली होती. कागदावर पाळी समान होती. पाणी समान नव्हते. गणिताच्या मास्तराला हे कळायला बाग वाळावी लागली.

वारीहून आल्यावर मी वहीचे एक कोरे पान फाडून बाबांकडे गेलो. ते तेव्हा अंथरुणाला टेकले होते. मी पान त्यांच्या उशाशी ठेवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “धाकट्याला विचारलं का?”

मी म्हणालो, “सात वर्षं बोलणं नाही, बाबा.”

“आत्ताचं नाही विचारत. वाटणीच्या वेळी विचारलं होतं का?”

मी गप्प बसलो. तलाठ्याला विचारले होते. एका वकिलाला विचारले होते. शाळेतल्या सहकाऱ्यांना नकाशा दाखवला होता. ज्याने ती जमीन वीस वर्षे कसली, ज्याला प्रत्येक वाफ्याचे पाणी ठाऊक, त्याला विचारले नव्हते. बाबांनी पान माझ्या हातात दिले. “मग हे त्याच्याकडं न्या. त्या मातीतलं मला काय कळतं? जाणता तुमच्या घरातच होता.”

मी गेलो. धाकट्याने बसायला घोंगडी टाकली. मी पान पुढे ठेवले आणि म्हणालो, “माझं चुकलं. कसं करायचं ते तू सांग.” तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दादा, तेव्हा विचारलं असतं तर खालचं तुम्हीच घ्या म्हणालो असतो. मुरमाडात कष्ट फार. तुमच्यानं झालं नसतं.”

माउली, त्या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. जे मी चार संध्याकाळ बसून हिशेबाने घेतले, ते तो प्रेमाने देणार होता. न विचारल्यामुळे मी जमीन मिळवली असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी भावाच्या हातचे दान घालवले होते.

त्या पानावर मग त्यानेच लिहिले. विहिरीत त्याचा निम्मा हिस्सा सातबाऱ्यावर लावायचा. पाळी आठ दिवसांची न ठेवता एक दिवसाआड घ्यायची, म्हणजे झऱ्याला दम मिळेल आणि दोघांनाही सारखे पाणी येईल. उपाय इतका साधा होता. वाळलेली बाग काही परत आली नाही, नवी लावावी लागली. तो अजूनही त्याच दुसऱ्या दिंडीतून चालतो, कारण सात वर्षांत तिथेही त्याची माणसे झाली. पण मुक्कामावर रात्रीच्या पंगतीला आमच्या राहुटीत येतो. बाबा पुढच्या कार्तिकीच्या आत गेले.

तेव्हापासून माझ्या हरिपाठाच्या पुस्तकात मी एक कोरे पान घडी करून ठेवतो. काही ठरवायची वेळ आली की ते पान काढून समोर ठेवतो आणि स्वतःला विचारतो: हे मी कोणाला विचारणार आहे? आणि ज्याच्यावर याचा परिणाम होणार, त्याला विचारले का? पुष्कळदा पान काढायच्या आधीच मनाने त्यावर लिहायला सुरुवात केलेली असते. मग मी ते पान बाजूला टाकतो, दुसरे घेतो, आणि उठून चालू लागतो.

रामकृष्ण हरी.